कपाळावर कुंकू, पोटात काळीज

अहो, जपून! टेबलाला धक्का लावू नका. काचेची कुपी बोलतेय मी, आणि माझ्या पोटात आत्ता एक काळीज आहे.

घाबरलात ना? बकऱ्याचं आहे हो. तेही अख्खं नाही, शेवईसारखी एक बारीक पट्टी. ती मिठाच्या पाण्यात बुडवून वर दोऱ्याने आकड्याला बांधतात. विजेचा हलका झटका दिला की पट्टी आखडते, दोरा ओढला जातो आणि शेजारच्या पडद्यावर रेघ टुणकन उडी मारते. माझा सगळा जन्म या उड्या बघण्यात चाललाय.

जन्म चेन्नईतल्या गिंडीचा. तिथल्या एका छोट्या कारखान्यात व्यंकट नावाच्या कारागिराने मला फुंकून घडवलं. चांगल्या दोन भिंती दिल्या. त्यांच्या मधून कोमट पाणी फिरतं, म्हणजे पोटातल्या पाहुण्याला अंगाची ऊब मिळते. चेन्नईत आणखी ऊब कशाला, असं विचाराल. पण या प्रयोगशाळेतला एसी असा काही सुटतो की पोरी ऐन मे महिन्यात स्वेटर घालून बसतात.

माझी मालकीण डॉक्टर भवानी, जीवरसायनशास्त्रज्ञ. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातली बाई. बोलणं जुन्या वळणाचं, वर तमिळची फोडणी. पक्की शाकाहारी, आणि रोज सकाळी बर्फाचा डबा घेऊन सैदापेटच्या खाटकासमोर उभी! तो बिचारा अजून विचारतो, "रश्श्यासाठी बारीक करून देऊ का, अम्मा?" मॅडम नाकाला पदर लावून सांगतात, "अख्खं दे."

त्यांचा सगळा ध्यास एका दाराचा आहे. स्नायूच्या पेशीला बारीक दारं असतात, त्यांतून कॅल्शियम आत जातं. मांडीच्या स्नायूत दार नुसतं हललं तरी भागतं, कारण कॅल्शियमचा साठा घरातच असतो. हृदयाचं तसं नाही. त्याला प्रत्येक ठोक्याला बाहेरून थोडं ताजं कॅल्शियम दारात लागतं, तेव्हा कुठे घरातली कोठी उघडते. म्हणून पाण्यातलं कॅल्शियम काढून घेतलं की मांडीची पट्टी खुशाल उड्या मारत राहते आणि हृदयाची पट्टी गप्प होते. एवढं माझ्यासारख्या काचेला समजलं, तुम्हालाही समजेल.

हे काम मॅडमनी आपल्या विद्यार्थिनीकडे, क्षमाकडे दिलं होतं. क्षमा करमाळ्याकडची, केम गावची. अंगाने काडी, पण कामाला वाघीण. सप्टेंबरभर तिच्या हातून प्रयोग झकास व्हायचा. बिनकॅल्शियमचं पाणी घातलं की हृदय थांबायचं, म्हणजे थांबायचंच.

मग आली आयुधपूजा. तुमची खंडेनवमी हो! इथे त्या दिवशी यंत्रांना न्हाऊमाखू घालतात. मॅडमचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात होते, ते लेथला हात जोडल्याशिवाय चालू करत नसत. लेक तरी कशी मागे राहील? सूक्ष्मदर्शकाला झेंडू, फ्रीजला चंदन, आणि माझ्या काठावर, अगदी आतल्या ओठाशी, घरच्या अस्सल हळदीच्या कुंकवाचा ठसठशीत टिळा. मी आपली खूश. चुरमुरे-फुटाणे वाटले, फोटो निघाले. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, आपोआप गेलं तर जावं, असा मॅडमचा दंडक.

आणि दुसऱ्या आठवड्यापासून हृदय थांबेना!

क्षमाने पाणी बदललं, मीठ बदललं, बाटल्या बदलल्या. मला घासून घासून पार बेजार केलं, फक्त टिळ्याला हात लावला नाही. तरी पट्टी आपली चालूच, टुक टुक टुक. जीव चिवट असावा, पण इतका?

मॅडम भडकल्या. "अय्यो! आधी होत होतं, आता होत नाही. म्हणजे लक्ष कुठे गेलं की तुझं? पुढच्या गुरुवारी काम तपासायला समिती येणार आहे. त्यांच्यासमोर हे उभं राहिलं नाही, तर काम कौशिकला देणार मी. सरी? कळलं?"

कौशिक शेजारच्या टेबलावरचा. मुलगा चांगला, पण या दारामागे तीन वर्षं क्षमा धावलेली. ती मला पुसत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यात पडत होतं. अगं बाई, म्हटलं, त्यातही कॅल्शियम असतं! पण काचेचं ऐकतो कोण? पट्टीसाठी सोडलेल्या प्राणवायूचे बुडबुडे फुटतात, शिंतोडे टिळ्यापर्यंत उडतात आणि पुन्हा आत ओघळतात, हे मला रोज दिसत होतं. तोंड असून बोलता येत नाही, याच्यासारखा जाच नाही.

बुधवारी सकाळी ती मला सौम्य आम्लाने विसळत होती. एक थेंब उडून टिळ्यावर पडला. लाल टिळा तिथल्या तिथे पिवळा झाला!

क्षमा बघतच राहिली. केमला घरोघरी कुंकवाचा धंदा. हळदीला चुना लावला की लाल, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. चुना! आणि चुना म्हणजे कॅल्शियम.

ती मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिली. "मॅडम, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"रागवायचं की नाही ते ऐकून ठरवते गे. बोल."

"कुपीवरचं कुंकू... त्यात चुना असतो."

मॅडम उठल्या, कापूस घेतला, आम्लात बुडवला आणि माझं कपाळ स्वतः पुसलं. शुद्ध पाण्याने कितीदा तरी विसळलं. मग नवी पट्टी बांधली, पाणी भरलं, आणि दोघी पडद्याकडे डोळे लावून बसल्या. कुंकू पुसून काळीज थांबायची वाट बघणाऱ्या बायका मी तरी दुसऱ्या पाहिल्या नाहीत!

उड्या लहान झाल्या. आणखी लहान. मग रेघ सपाट.

"थांबलं!" क्षमा ओरडली आणि मॅडमनी तिला मिठीच मारली. मॅडमनी कॅल्शियमचे थेंब सोडले. पट्टी दचकली आणि पुन्हा ओढू लागली. खरं सांगते, मला त्या ओढीनेच बरं वाटलं.

गुरुवारी समिती आली. प्रमुख प्राध्यापक विजयकुमार, चष्म्यावरून बघणारे गृहस्थ. सगळा प्रयोग डोळ्यांदेखत झाला. त्यांनी मान डोलावली आणि नेमकं विचारलं, "मग ऑक्टोबरचे आकडे का बिघडले?"

क्षमा पुढे झाली. "सर, माझ्याकडून कुपी नीट धुतली गेली नव्हती."

"खोटं बोलते ही," मॅडम ताडकन म्हणाल्या. "कुंकू मी लावलं होतं. पुसायचा धीर हिला झाला नाही, कारण मी ओरडते. आणि चूक शोधली हिनेच. काम हिचंच राहील."

क्षमाची मान खाली, नाक लाल. मला वाटलं, आता मॅडमची शोभा होणार.

विजयकुमार खुर्चीतून उठले. घसा खाकरत खिडकीशी गेले, आमच्याकडे पाठ केली आणि हलक्या आवाजात आपल्या प्रयोगशाळेत फोन लावला, "हॅलो, सुब्बा? आपल्या सगळ्या यंत्रांवरचे विभूतीचे पट्टे आधी पूस. कारण विचारू नकोस. आत्ताच्या आत्ता!"

तेव्हापासून मी बिनकुंकवाची, पण कामात आहे. तुम्हाला हात जोडून एकच सांगणं. पूजा करा, फुलं वाहा, मला आवडतं. फक्त देवाचं जे काही असेल ते माझ्या काठाबाहेर ठेवा. आत काळीज आहे हो, त्याला प्रसाद चालत नाही.