घराचा ठिपका

कप्तानांना सगळे कप्तानच म्हणत. बायकोसुद्धा चारचौघांत 'आमचे कप्तान' म्हणायची, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे तिचं तिलाच ठाऊक. उभी हयात त्यांनी मालवाहू जहाजांवर काढली होती. निवृत्त होऊन घरी बसले तरी आवाज डेकवरचाच राहिला होता. 'खिडकी लाव' म्हणाले की शेजारच्या खिडक्याही लागायच्या.

लग्नाला चाळीस वर्षं पुरी होणार होती आणि कप्तानांनी बायकोसाठी एक फिल्म करायला घेतली होती. नकाशावर लाल रेघ सरकत जाणार, एकामागून एक बंदरं घेणार, आणि शेवटी नकाशा जवळ येत येत घराच्या छपरावर थांबणार. तिथं एक ठिपका लुकलुकणार. कल्पना सगळी त्यांचीच, आणि तिला कारण होतं. मुलगी लहानपणी फार आजारी पडली होती, आणि ती बरी होऊन शाळेत जायला लागल्यावर हे सुट्टीवर आले होते. तेव्हा बायको म्हणाली होती, "तुम्ही पाहुण्यासारखे येता आणि पाहुण्यासारखे जाता." भांडली असती तर कप्तानांनीही दोन शब्द सुनावले असते. ती एवढंच बोलली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. आता त्याचं उत्तर द्यायचं होतं. मी जगात कुठंही असलो तरी माझी रेघ इथंच येत होती, हे तिला डोळ्यांनी दाखवायचं होतं.

एडिटर बाईंचा स्टुडिओ म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली. दोन मोठे पडदे, कुरकुरणारा पंखा आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची, जिची पाठ टेकलं की मागे जायची. बाई कप्तानांच्या मुलीच्या वयाच्या. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ठिकाणासाठी दोन चौकटी होत्या, एक अक्षांशाची, एक रेखांशाची. आकडे भरले की नकाशावर टाचणी बसायची आणि पुढच्या टाचणीपर्यंत रेघ आपली आपण धावायची.

"काका, गावांची नावं सांगा, आकडे मी शोधते."

"शोधतेस कशाला? लिहून घे," कप्तान म्हणाले, आणि इतके अंश, इतकी मिनिटं, उत्तर, पूर्व, असं धडाधड सांगत सुटले. सगळं तोंडपाठ. घराचे आकडेही त्याच दमात सांगितले. बाईंनी तोंडात बोट घातलं तेव्हा कप्तानांची छाती चांगलीच फुगली. मग रंगात येऊन त्यांनी घरातला जुना किस्साही सांगितला. एकदा सुट्टीवर येताना ते टॅक्सीत बसून स्वतःच्याच गल्लीवरून सरळ पुढे निघून गेले होते. बायको फाटकात उभी राहून पदर हलवत होती आणि मुलं टॅक्सीमागे धावत होती.

"समुद्रात कधी वाट चुकलो नाही, नि गल्लीत चुकलो! घरात अजून हसतात."

बाईही हसल्या.

दुसऱ्या दिवशी कच्ची फिल्म पाहताना मात्र कप्तान खुर्चीतून उठलेच. "अगं, बुडवलंस! बुडवलं असतंस तरी परवडलं असतं, तू माझं जहाज डोंगरावर चढवलंस!"

"कुठं, काका?"

"हे बघ. कोळशाचं बंदर खाडीच्या तोंडाशी आहे, तू ते डोंगरात नेऊन ठेवलंस. आणि इथं? इथं नुसतं पाणी आहे. इथं काय माशांना माल विकला मी?"

बाईंनी आकडे पुन्हा पाहिले आणि जीभ चावली. कप्तानांनी मिनिटं सांगितली होती, आणि बाईंनी ती तशीच दशांश चिन्हापुढं टाकली होती. अंशाची मिनिटं साठ. चाळीस मिनिटं म्हणजे पॉइंट चाळीस नव्हे, पॉइंट सहासष्ट. त्यांनी मुकाट्यानं एकेक बंदर सुधारलं, आणि कप्तानांनी डोळ्यांत तेल घालून एकेक तपासलं. किनाऱ्याचं नुसतं वळण दिसलं की ते मान डोलवायचे.

शेवटी घर आलं. नकाशा खाली खाली आला. छपरं, झाडं, एक चौक, आणि मधोमध ठिपका लुकलुकायला लागला.

"घर बरोबर आहे ना, काका?"

कप्तानांचे डोळे भरून आले होते. "घर चुकेल होय? रोज दुपारी जहाज कुठं आहे ते काढलं की घर किती लांब आहे तेही काढायचो मी. एक दिवस चुकवला नाही."

"मग फायनल करू?"

"कर फायनल."

घरी आल्यावर त्यांना दम निघेना. सगळ्यांना दाखवायच्या आधी तिला एकटीला दाखवू, म्हणून दुपारीच त्यांनी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. बायको मांडीवर ताट घेऊन मटार सोलत बसली होती. रेघ निघाली. तिचं लक्ष होतं. "इथून तुम्ही ती निळी चादर आणली होती," ती म्हणाली. पुढच्या बंदराला म्हणाली, "इथून फोन आला होता, ताप उतरला का विचारायला." कप्तान पडद्याकडे बघतच नव्हते, ते तिच्याकडे बघत होते.

ठिपका लुकलुकला. तिनं ताट खाली ठेवलं, चष्मा लावला आणि उठून टीव्हीजवळ गेली.

"हे कुणाचं घर?"

"कुणाचं म्हणजे? आपलं."

"नाही हो." ती अगदी सावकाश बोलत होती. "आपल्या मागं पाण्याची गोल टाकी आहे, वरून आधी तीच दिसायला हवी. समोर शाळेचं मैदान. ते कुठंय? आणि हा चौक कुठला? आपला रस्ता पुढं बंद होतो. जुना फोटो असेल म्हणून मी नीट बघितलं. पण नाही, आपलं नाही हे."

कप्तानांनी एडिटर बाईंना फोन लावला. थोडा वेळ नुसत्या कीबोर्डच्या टकटकीचा आवाज आला.

"अगंबाई! काका, त्या शेवटच्या शॉटच्या चौकटी वेगळ्या होत्या. बंदरं सगळी सुधारली, तेवढंच राहिलं. ठिपका दुसऱ्याच गावात पडलाय. माझीच चूक, आज करून देते."

कप्तानांचा जीव भांड्यात पडला. चूक बाईंची होती. तसं सांगायला ते वळले आणि तिथंच थबकले. डोंगरावर चढलेलं जहाज त्यांना एका नजरेत दिसलं होतं. घर दुसऱ्या गावात गेलेलं दिसलं नव्हतं. उलट डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कुणाच्या तरी परक्याच्या छपराकडे बघून.

मुलगी आजारी होती त्याच वर्षी कंपनीनं त्यांना किनाऱ्यावरच्या ऑफिसात नोकरी देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली होती, कारण मोठं जहाज मिळत होतं. ती घेतली असती तर ती टाकी रोज दिसली असती. किती वाईट वाटलं म्हणून आता काही उपयोग नव्हता.

"आकडा त्या एडिटर पोरीनं चुकवला," ते म्हणाले. "पण तिनं मला दाखवून विचारलं होतं. मीच बरोबर म्हटलं."

बायकोनं नुसती मान हलवली आणि पुन्हा ताट घेऊन बसली. ते त्यांना सोसेना.

"चला, कप्तान पुन्हा गल्ली चुकले म्हणायचं," ते उसनं हसत म्हणाले.

ती हसली नाही. हातातली शेंग तिनं सोलली, दाणे ताटात टाकले.

"त्या दिवशी टॅक्सी पुढं निघून गेली, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसले होते," ती म्हणाली. "पोरं बघत होती ना. त्यांच्यासमोर रडायचं कसं?"