एलायजाचा हात

एलायजा रेन आमच्या संघाचा गोलकीपर. आठवडाभर खाणीत कोळसा काढायचा आणि शनिवारी दुपारी गोल राखायचा. मी, सिलास, त्याच्यापुढे डावीकडे बॅक म्हणून खेळायचो. त्यात त्याची बायको मर्सी ही माझी धाकटी बहीण, म्हणजे मैदान सुटलं तरी तो काही सुटत नसे.

त्या काळी गोलकीपरला मधल्या रेषेपर्यंत चेंडू हाताळता यायचा, फक्त दोन पावलांवर टप्पा द्यावा लागायचा. बाकीचे गोलकीपर गोलपाशीच थांबत. एलायजा मात्र चेंडू आपटत, आडव्या येणाऱ्याला खांद्याने बाजूला सारत थेट मध्यापर्यंत जायचा.

"घर कुणावर सोडून आलास रे?" लोक विचारायचे.

"मेव्हण्यावर," तो म्हणायचा, आणि सगळे माझ्याकडे बघून हसायचे.

एकोणीसशे बाराच्या उन्हाळ्यात नियम बदलला. हात लावायचा तो फक्त गोलसमोरच्या चौकटीत. सप्टेंबरच्या पहिल्याच सामन्यात एलायजा सवयीने चेंडू आपटत बाहेर निघाला. शिट्टी वाजली, त्यांना फ्री किक मिळाली, गोल झाला, आम्ही हरलो.

सोमवारी खाणीत उतरताना कुणीतरी म्हणालं, "एलायजा, चौकट ओलांडून आलास की काय?" तो सगळ्यांबरोबर हसला, पण संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्याचं ताट पुढ्यात तसंच होतं.

"सोडतो आता," तो म्हणाला. "मला दुसरं येतंय काय?"

मर्सी इस्त्री करत होती. "लाथ मारून पाठव की चेंडू."

"नाही जमत मला."

"मग शीक. आणि ते मटण गार होतंय."

तो घरामागे लाथा मारायला शिकू लागला. तिसऱ्या दिवशी चेंडू शेजारच्या म्हाताऱ्या हेरॉनच्या वाफ्यात पडला. हेरॉन भाज्यांच्या प्रदर्शनासाठी लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची भाजी, मनगटाएवढे जाड वाढवत होता. त्यातला एक मोडका हातात धरून तो दारात उभा राहिला.

"मर्सी, हा तुझ्या नवऱ्याचा पराक्रम."

"द्या इकडे, मिस्टर हेरॉन. सूप करते. तुम्हीही बसा."

सूप पिता पिता म्हातारा निवळला. "लाथेचा नाद सोड, पोरा," तो म्हणाला. "खुंटीवर लोखंडी कडं टाकायच्या खेळात तुझ्याइतका नेमका हात या गावात दुसरा नाही. मग चेंडू फेकत का नाहीस?"

एलायजाने चमचा खाली ठेवला आणि समोर सूप पीत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या शनिवारी त्याने चेंडू अडवला आणि चौकटीतूनच जमिनीलगत माझ्याकडे सोडला. तो बरोबर माझ्या पायाशी आला. मी नुसता बघत राहिलो. इतकी वर्षं माझं काम चेंडू दूर उडवायचं. तो घेऊन काय करायचं, ते कुणी सांगितलंच नव्हतं.

"बघतोस काय? पळ," मागून एलायजा ओरडला.

मी पळालो. त्या वर्षी मी इतका पळालो की घरचे कपडे सैल झाले. मोसम संपता संपता आम्ही परगण्याचा कप जिंकला, आणि एलायजाच्या फेकीवर पैजा लागू लागल्या.

मधे युद्धात खेळ बंद पडला. नंतर एलायजा परत गोलमध्ये उभा राहिला तो थेट वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत. एका शनिवारी सामना जिंकून आम्ही गरम पाण्याच्या हौदात बसलो होतो. उजव्या हाताची दोन बोटं चोळत तो म्हणाला, "ही आता वाकत नाहीत. आजचा शेवटचा."

मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

त्याने जरा विचार केला. "वाटेल बहुतेक. पण पुढच्या शनिवारी मर्सीला घेऊन समुद्रावर जाणार आहे. लग्न झाल्यापासून शनिवारची दुपार कशी असते, ते आम्हाला माहीतच नाही." मग साबण माझ्याकडे टाकून तो म्हणाला, "तूही ये."

मीही सामना सोडून गेलो. दिवसभर वारा सुटला होता. आम्ही तिघांनी वाळूत बसून तळलेले मासे खाल्ले, आणि त्या दुपारच्या सामन्याचा निकाल विचारायचा राहूनच गेला.