दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे

मित्रांनो, मी एक जुनी शिकाऊ गाडी आहे. शिकाऊ म्हणजे मी स्वतः कधी काही शिकले नाही, माझ्यावर लोक शिकले. आज सकाळी एका माणसाने माझ्या पुढच्या काचेवर पांढऱ्या रंगाने मोठी फुली मारली, त्यामुळे मला समोरचं धड दिसत नाही. जे दिसतं त्यात पाहण्यासारखं काही नाही. नव्या गाड्यांच्या एका दुकानाचं हे मागचं आवार. माझ्या पुढे तीन गाड्या उभ्या आहेत. त्यांचं आटोपलं की माझा नंबर. तेवढ्या वेळात माझी हकिकत सांगून होईल.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका टोकाला मी नुसता पत्रा होते, दुसऱ्या टोकाला गाडी होऊन बाहेर पडले. त्या दिवशी माझ्या शंभरेक बहिणी जन्मल्या. कुणी डॉक्टरांच्या दारात गेली, कुणी कंत्राटदाराच्या. मला मास्तर घेऊन गेले. ते शाळेतले मास्तर नव्हते, गाडी चालवायला शिकवायचे. पण सगळा गाव त्यांना मास्तरच म्हणायचा.

घरी नेण्याआधी त्यांनी मला मिस्त्रींच्या गॅरेजात नेलं. मी नवी कोरी, अंगावर ओरखडा नाही, आणि त्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी माझ्या पोटाला भोकं पाडली. शेजारच्या सीटखाली एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक बसवला. शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याने गाडी आवरावी म्हणून. मला त्या मिस्त्रींचा फार राग आला होता. पण पुढची अठरा वर्षं माझ्या अंगात दुसऱ्या कुणाचा हात फिरला नाही, आणि फिरावा असंही मला वाटलं नाही.

मित्रांनो, माणूस पहिल्या दिवशी स्टिअरिंग असं धरतो, जसं काही ते सुटून पळून जाणार आहे. बँकेतला एक कारकून समोरून बस आली की डोळे मिटून घ्यायचा. एक निवृत्त न्यायाधीश होते, गिअर खरखरला की दर वेळी मला 'माफ करा' म्हणायचे. गिअर काही शेवटपर्यंत नीट पडला नाही, पण माणूस सज्जन. मी दिवसातून चाळीस वेळा बंद पडायची. खांब, भिंती, कचऱ्याचे डबे, एकदा तर पोलीस चौकीची पायरी, सगळ्यांशी माझी ओळख झाली. मास्तर कधी ओरडले नाहीत. गाडी बंद पडली की म्हणायचे, "पडली ना? आता पुन्हा सुरू होते. बघ." एवढं ऐकून शिकणाऱ्याचे खांदे खाली यायचे.

मास्तरांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. बाई माझ्यावरच गाडी शिकल्या, आणि शिकल्या त्या अशा, की दोन वर्षांत त्यांनी दुपारचा बायकांचा वर्ग सुरू केला. परक्या पुरुषाशेजारी बसून शिकायला संकोचणाऱ्या कितीतरी बायका बाईंकडे आल्या. कुणी नवऱ्याला सांगून आली, कुणी न सांगता. दुपारी मोकळ्या पडणाऱ्या बाजाराच्या मैदानात आमचे आठाचे आकडे चालायचे आणि माझ्यात नुसता हशा असायचा.

त्यातल्या एका शिंपिणीची गोष्ट सांगते. तिचा तो चौथा दिवस होता. तोवर तिने दुसरा गिअरसुद्धा टाकला नव्हता. मैदानाच्या पार टोकाला बाईंनी एकाएकी छातीवर हात दाबला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला आणि कपाळावर घाम आला. शिंपिणीने गाडी थांबवली आणि दार उघडून कुणाला तरी बोलवायला धावणार, तोच बाई म्हणाल्या, "उतरू नकोस. या वेळी इथे कोण येणार आहे? तूच ने मला."

"बाई, मला कुठे येते?"

"येते. क्लच हळू सोड. घाई करू नकोस, मी आहे ना."

मैदानापासून दवाखाना बराच लांब. तेवढं सगळं अंतर शिंपिणीने मला पहिल्या गिअरमध्येच नेलं. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. रस्त्यावरचे लोक हसून बघत होते, की ही कोण नवशिकी गाडीचा जीव घेते आहे. बाईंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता, पण चौकात तो दाबण्याचंही बळ त्यांच्यात राहिलं नव्हतं. चौक शिंपिणीने एकटीने पार केला. दवाखान्याच्या पायरीला माझा बंपर लावला आणि ती डॉक्टरांना हाका मारत आत धावली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. बाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. बाई बऱ्या झाल्यावर शिंपीण पाचव्या धड्याला हजर झाली आणि दुसरा गिअर टाकायला शिकली.

बाईंना दवाखान्यात नेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बादली आणि फडकं घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने मला धुतलं. एरवी ते काम त्यांच्या मुलाचं असायचं. त्या दिवशी त्यांनी मुलाला हातही लावू दिला नाही.

मग बाई गेल्या आणि दुपारचा वर्ग त्यांच्याबरोबर गेला. मोठ्या रस्त्यावर काचेच्या दारांची नवी शाळा निघाली. तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग एका बोटाने वळायचं, आत गार वारा यायचा. आमच्याकडे येणारे कमी होत गेले. ब्रेक दाबून दाबून मास्तरांचा गुडघा कामातून गेला होता, तो आता जिना चढतानाही कुरकुरायला लागला. एका महिन्यात कुणीच आलं नाही. मास्तरांनी माझ्यावर ताडपत्री टाकली.

त्या ताडपत्रीखाली मी दोन वर्षं काढली. माझी बॅटरी उतरली, टायर बसले. सुनेने माझ्या टपावर कुंड्या आणून ठेवल्या, तिथे ऊन बरं येतं म्हणून. कुंड्यांचं पाणी झिरपून टपाला गंज चढला. मुलगा लांबच्या कचेरीत नोकरीला होता. रोज दोन बस बदलून जायचा आणि येताना माझ्याकडे असं बघायचा, जसं वाटेत कुणी सामान टाकून ठेवलं आहे. मास्तर मात्र रोज सकाळी ताडपत्रीचा एक कोपरा उचलून आत डोकावायचे. असतो एकेकाचा स्वभाव.

अशात सरकारची योजना आली. पंधरा वर्षांहून जुनी गाडी भंगारात द्या आणि नव्या गाडीवर सवलत घ्या. हवा स्वच्छ होईल, इंधन वाचेल. मित्रांनो, त्यात खोटं काही नव्हतं. मी धूर सोडत होते, पेट्रोलही सपाटून पीत होते. सून पोटुशी होती, घरात धड चालणारं वाहन हवं होतं, हेही खरं. पण योजनेत एक अट होती. जुनी गाडी चालती हवी. कुणी उकिरड्यावरचा सांगाडा ओढत आणून सवलत मागू नये, म्हणून गाडीने स्वतःच्या चाकांवर योजनेच्या केंद्राच्या दारात यावं. म्हणजे बघा, मेलेली गाडी त्यांना चालत नव्हती. मारायला जिवंत गाडी लागत होती.

मुलाने मिस्त्रींना बोलावलं. नवी बॅटरी आली, तेल बदललं, टायरांत हवा भरली. कुंड्या उतरल्या. दोन वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडलं आणि तिसऱ्या किल्लीला मी सुरू झाले. मास्तर घरातून अनवाणी बाहेर आले. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. मुलगा म्हणाला, बघू या चालते का. मग त्याने काही कागद पुढे केले, विम्याचे आहेत, सही करा म्हणाला. मास्तरांनी चष्मा न शोधताच सह्या केल्या, कारण त्यांचं सगळं लक्ष माझ्या आवाजाकडे होतं. कागदांत विम्याचे होते, आणि दुसरेही होते.

पुढचे तीन दिवस मास्तर दहा वर्षांनी लहान झाले. त्यांनी माझा गंज घासला. लाल रंगाची डबी आणून माझ्या मागच्या काचेतल्या पाटीवरची 'शिकाऊ' ही अक्षरं नव्याने गिरवली. शेवटचा 'ऊ' जरा वाकडा आला. गुडघ्याला पट्टा बांधून मला बाजाराच्या मैदानात दोन फेऱ्या मारून आणलं. येताना समोरच्या पोस्टमनच्या बायकोला सांगितलं, सोमवारपासून ये, तुला शिकवतो. ती कधीपासून मागे लागली होती. आणि मीही फसले, मित्रांनो. मला वाटलं, आपले चांगले दिवस परत आले.

रविवारी मिस्त्री शेवटचा हात फिरवायला आले. मास्तरांना सगळं माहीत आहे, असं ते धरून चालले होते. बॉनेट बंद करता करता म्हणाले, "वाईट वाटतं मास्तर. पण काळजी करू नका, केंद्रापर्यंत ताठ मानेने जाईल."

"कुठल्या केंद्रापर्यंत?"

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. त्या दिवशीची मजुरी त्यांनी घेतली नाही आणि मान वर न करता निघून गेले.

मुलगा घरी आला तेव्हा मास्तर माझ्यात, शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले होते. मुलाने ओळखलं. तो खिडकीशी आला आणि घाईघाईने सांगू लागला, बाळ येणार, रात्रीअपरात्री दवाखाना लागणार, योजनेची मुदत संपत आली. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता, बाबा."

"दिली असती मी. विचारलं असतंस, तर देऊन टाकली असती."

"आता तसं म्हणताय."

"मग तीन दिवस मला रंगवू का दिलंस?"

मुलगा म्हणाला, उद्या मी नेतो, तुम्ही येऊ नका. मास्तर म्हणाले, "तुला ही चालवता येत नाही. मीच नेईन." मग ते उतरले, रस्ता ओलांडून पोस्टमनच्या दारात गेले आणि त्याच्या बायकोला, उद्या येऊ नकोस, एवढं सांगून परत आले. तिने कारण विचारलं असावं. ते सांगायला ते थांबले नाहीत.

आज सकाळी त्यांनी मला इथे आणलं. मुलगा शेजारी बसला होता.

हे केंद्र म्हणजे नव्या गाड्यांचंच दुकान, आणि त्याला दोन दारं आहेत. जुनी गाडी मागच्या फाटकातून आत जाते आणि नवी पुढच्या दारातून बाहेर पडते. मागे एक तपासनीस कागद लावलेली फळी घेऊन उभा होता. माणूस वाईट नव्हता, सकाळपासून हेच करून कंटाळला होता. म्हणाला, "आजोबा, दहा पावलं पुढे घ्या, मग दहा पावलं मागे. चालते एवढंच बघायचंय."

त्या क्षणी मला कळलं की वाचायचं असेल तर आत्ताच बंद पडायला हवं. चालली नाही तर योजनेत बसणार नाही, बाद ठरणार नाही. परत घरी, परत ताडपत्रीखाली. अठरा वर्षं मी कारण नसताना बंद पडत आले होते. एकदा, फक्त एकदाच, कारणासाठी पडायचं होतं. पण क्लच मास्तरांच्या पायाखाली होता, आणि मास्तरांना तो वाईट सोडताच येत नव्हता. मी लोण्यासारखी पुढे गेले. लोण्यासारखी मागे आले.

"झकास चालते की," तपासनीस म्हणाला आणि कागदावर लिहिलं, बाद.

मास्तर उतरले. मागच्या काचेतली 'शिकाऊ' पाटी काढू का, असं त्यांनी विचारलं. तपासनीस म्हणाला, नोंद झाल्यावर काहीच काढता येत नाही, नियम आहे. मास्तरांनी मान हलवली. मुलाने नवी गाडी पुढच्या दारातून काढून मागच्या फाटकाशी आणून लावली होती. पांढरीशुभ्र, सीटांवर अजून प्लास्टिक. त्याने आतून दार उघडलं आणि म्हणाला, "बाबा, पुढे बसा ना."

"पुढे बसून मी करू काय," मास्तर म्हणाले आणि मागे जाऊन बसले. गाडी गेली. मग एक माणूस रंगाचा डबा घेऊन माझ्याकडे आला.

मित्रांनो, इथे काय करतात ते तुम्हाला सांगायला हवं. आधी तेल काढून घेतात. मग इंजिनात कसलंसं औषध ओततात आणि गाडी सुरू करून जोरात रेस देतात. थोड्या वेळात ते औषध आत दगडासारखं घट्ट होतं आणि इंजिन जागच्या जागी आवळतं. मग ती गाडी पुन्हा कुणी सुरू करू शकत नाही. पहिल्या गाडीचं झालं. मी ऐकलं. आवाज आधी चढत जातो आणि मग मध्येच तुटतो.

जुन्या वस्तूंना जपा, असं माझ्यासारखीने शेवटी म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. मी लोखंड आहे आणि माझं वय झालं होतं. माझा धूर तुमच्या बाळांच्या छातीत जायला नको, हेही मला पटतं. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून काही काढून घ्यायचं झालं, तर आधी त्याच्यासमोर बसा आणि तसं सांगा. तो रागावेल, रडेल, दोन दिवस जेवणार नाही. ते सोसा. गोड बोलून त्याची सही घेऊ नका. त्याच्या हातात रंगाचा ब्रश देऊन गंमत बघू नका. मला मारायला सरकारची परवानगी होती, पण त्या तीन दिवसांची परवानगी कुणी कुणाला दिली होती?

दुसरी गाडी सुरू केली आहे त्यांनी. तिचाही आवाज चढायला लागला आहे.