राहीबाईच्या नावावरचं पुस्तक

“अध्याय धरलास की अर्ध्यात सोडायचा नाय गो, तुळसा.”

सासू जाऊन बारा वर्षं झाली, तरी पान उलटताना तुळसाच्या कानी हा आवाज येई. आज मात्र मांडीवर पोथी नव्हती. महाडच्या मोफत वाचनालयातून राहीबाईनं आपल्या नावावर आणलेलं अर्थशास्त्राचं जुनं पुस्तक होतं.

शेजारच्या राहीबाईचे दिवस भरले होते. सकाळीच कुडाला हात टेकत ती आली होती.

“काकी, सोमवारी मुदत सरते. नेलं तसं स्वच्छ पोचलं पायजे, नायतर माझं नाव कापतील. पोचवाल ना?”

“पोचवीन,” तुळसा म्हणाली होती, तोंडदेखलं.

नऊ वर्षं चातुर्मासात कापडे गावच्या बाया तुळसाच्या पडवीत पोथी ऐकायला बसत. यंदा त्या राहीबाईकडे गेल्या. सुगीत भात स्वस्त का, आषाढात महाग का, हे ती वाचून सांगे.

“जे थोडं, त्याला भाव,” राहीबाईचा आवाज कुडापलीकडून येई.

“म्हंजे माझा दादला मुंबैत हाय, म्हणून त्याला भाव!” ठकूबाई ओरडे. “घरी आला की उतरतो!”

त्या हशात तुळसा एकटीच भिंतींना पोथी वाचून दाखवी.

असं आहे तरी काय यात, म्हणून तिनं पुस्तक उघडलं, ते अध्याय संपेपर्यंत उठली नाही. शेवटच्या ओळीशी हात पोथीच्या सवयीनं हळदकुंकवाच्या करंड्याकडे गेला. पानावर हळद लागली, वर कुंकू. मग ध्यानात आलं. पदरानं पुसलं तर डाग पसरला.

ती बघत राहिली. नाव राहीबाईचं कापतील. बाया परत पडवीत येतील. तिनं पुस्तक फडक्यात बांधलं, गाठ करकचून मारली.

सोमवारी उजाडताच गाडीवान हैबती दारात आला. दर सोमवारी दिवेलागणीपर्यंत तुळसाचं मौन, हे साऱ्या गावाला ठाऊक.

“काकी, तांदूळ घेऊन महाडला चाललोय. राहीबाईचं पुस्तक द्या, मीच टाकतो वाचनालयात. तुमी बोलू नका.”

तिनं पुस्तक पुढं केलं. हैबतीनं धरलं, पण तिची बोटं सुटेनात.

“मीच येते,” ती म्हणाली.

हैबती चपापला. “काकी, मौन?”

“डाग माझ्या हातचा, राहीबाईचा नाय, हे तिथं माझ्या तोंडानं सांगायचं हाय.”

देव्हाऱ्याकडे वळून तिनं हात जोडले, पायरी उतरली आणि पुस्तक छातीशी धरून तांदळाच्या पोत्यांवर चढून बसली.