दिन्कोच्या दातांचा साचा

नेवेन्का दवाखान्यात आली ती हातात ताट घेऊनच. तिचा मुलगा दिन्को ट्यूनाच्या होडीवरून समुद्रात पडला त्या दिवसापासून तिच्या अंगावर काळे कपडे होते, आज निळा झगा होता. किनाऱ्याला लागलेलं प्रेत तिच्या पोराचं नव्हतं. पोलिसांनीच सकाळी फोन करून सांगितलं होतं, की दात जुळत नाहीत.

"घ्या डॉक्टर, तोंड गोड करा," ती म्हणाली. क्रोश्टुलेच्या तळलेल्या गोड पट्ट्यांवरची पिठीसाखर टेबलभर सांडली. "तुम्ही नसतात, तर मी परक्याच्या लेकराला मूठमाती दिली असती."

रोझलिंड पेडलर वेडेवाकडे दात सरळ करणारी डॉक्टर. महिन्यातून एकदा ॲडलेडहून विमानाने पोर्ट लिंकनला यायची. दिन्कोच्या दातांचा साचा पोलिसांना तिनेच संगणकावरून पाठवला होता, दोन पेशंटच्या मधल्या घाईत.

"पोहत एखाद्या बेटावर लागला असेल," नेवेन्का बोलतच होती. "माझे भाऊ आज होडी काढतायत. वारा आहे म्हणे! असू दे वारा. सार्जंट मेला तोंड पाडून बसलाय, म्हणतो जाऊ नका. त्याचं पोर आहे का तिथे?"

"वारा फार आहे, नेवेन्का."

"तुम्हीही तेच! अहो, किनाऱ्याला लागलेल्या त्या बिचाऱ्याचा वरचा एक दात खालच्या दातांमागे अडकलेला होता म्हणे. आमच्या दिन्कोचा होता ना, अगदी तस्सा. पण तुम्ही तो पुढे आणलात! देवच पावला."

रोझलिंडने उचललेला तुकडा परत ताटात ठेवला.

पूर्वी तोंडात चिकट लगदा कोंबून माप घेत आणि पेशंट ओकाऱ्या काढत. आता पेनासारखा कॅमेरा तोंडात फिरवला की अख्खा जबडा पडद्यावर येतो. मग संगणक एकेक दात सरकवून दाखवतो आणि शेवटी सरळ दातांचं तोंड काढून देतो, जे अजून कुणाचं झालेलंच नसतं. ते शेवटचं तोंड प्लास्टिकमध्ये छापून पहिल्याच दिवशी पेशंटच्या हातात द्यायची रोझलिंडची पद्धत होती. समोर दिसलं की पोरं दात सरकवणाऱ्या पारदर्शक खोळी नेमाने घालतात, असं ती परिषदांतून ऐटीत सांगायची. नेवेन्काने ते घरी देवाच्या मूर्तीशेजारी ठेवलं होतं. यंत्राला काय, त्याला आज आणि उद्या सारखेच. संगणकात दिन्कोच्या साच्यांच्या यादीत सगळ्यात वर तेच उद्याचं तोंड होतं, आणि रोझलिंडने सगळ्यात वरचं पाठवून दिलं होतं.

तिने पडद्यावर दिन्कोची शेवटची तपासणी उघडली. दात मागेच होता. त्या दिवशी ती त्याला रागावली, तर हा खुर्चीत पडून खदखदा हसला होता. "होडीवर कोण घालतं हो त्या खोळी? उलटी झाली की आधी त्याच समुद्रात. पण आईला नका सांगू हां, जीव घेईल माझा." तिलाही हसू आलं होतं, आणि तिने सांगितलं नव्हतं.

"नेवेन्का, बसा."

"बसायला वेळ कुठाय? भावांना डबे द्यायचेत."

"भावांना थांबवा. चूक माझी आहे. मी पाठवला तो दिन्कोचा खरा साचा नव्हता. दात पुढे आलाच नव्हता."

"काहीतरीच! रोज रात्री माझ्यासमोर घालायचा."

"घरी घालत असेल. पण घरी असायचा किती?"

नेवेन्का पडद्याकडे बघत राहिली. तिथे तिच्या पोराचं तोंड उघडं होतं आणि तो एक दात, हट्टी मुलासारखा, मागे लपलेला होता. रोझलिंडला वाटलं, बाईने आता शिव्या द्याव्यात, ताट फेकून मारावं. तसं काहीच झालं नाही. नेवेन्काने फोन काढला.

"पेरो, होडी नको काढू. नको म्हटलं ना! दिन्को इथेच आहे. शवागारात."

फोन पर्समध्ये ठेवताना तिचा हात तिथेच अडकला.

"त्या खोळी घातल्या की दुखायचं का त्याला?"

"थोडं. पहिले काही दिवस."

"दात त्याच्या बापाचा होता. आम्हाला टाकून गेला तो. त्याचं काही नको होतं मला पोराच्या तोंडात. दिन्को म्हणायचा, राहू दे ना आई. मीच हात धुऊन मागे लागले." तिने पर्समधून प्लास्टिकचा साचा काढून टेबलावर ठेवला. रस्ताभर भेटेल त्याला दाखवत आली असणार. "हे दात कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत," रोझलिंड म्हणाली. तिला रडू आवरेना.

"मग हे तुम्हीच ठेवा. मला माझ्या पोराचे द्या. वाकडे."

"छापायला वेळ लागेल, नेवेन्का. दोन-तीन तास तरी."

"लागू दे," नेवेन्का म्हणाली, आणि निळा झगा सावरून साचे छापायच्या यंत्रासमोरच्या खुर्चीत बसली.