पाचव्या प्रकरणातलं ‘आपण’

“आली बघ. आता धंदा कसा चालतो ते परत सांगा. सांगून सांगून धंद्याला दम लागलाय.”

“हळू की अक्का. कापडाच्या पल्याडच हायत त्या,” शिलाईवरची एक बाई कुजबुजली.

कापडाच्या पल्याड वैजयंती चपला काढत होती. मधे शाळेच्या गणवेशाच्या निळ्या ताग्यांची छातीएवढी थप्पी होती, पण ताग्यांनी आवाज कुठला अडायला. तिने काढलेल्या चपला पुन्हा घातल्या, जरा आपटून काढल्या आणि मग आत आली.

“या की म्याडम! आत्ता तुमचाच विषय निघाला होता,” ईरम्मा म्हणाली. खोटं ती बोलत नसे, एवढं तिच्याबद्दल म्हणायलाच हवं.

भवानी पेठेतल्या या गाळ्यात वैजयंती गेली चार वर्षं दर मंगळवारी येत होती, कारण मंगळवारी तिला कॉलेजात तास नसत. जुळे सोलापुरातल्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवायची. म्हणजे शिकवलं तर पगार, सुट्टी लागली तर हरी हरी. पीएचडी हातात पडली तर कायम व्हायची आशा होती, आणि बऱ्याच वर्षांनी यंदा कॉलेजात एक जागा निघाली होती. प्रबंध दिवाळीआधी विद्यापीठात गेला तरच तिचा अर्ज धरणार होते. पुन्हा जागा निघेल तेव्हा वैजयंतीच्या निरोप समारंभाचीच वेळ आलेली असेल, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी गमतीनं म्हणालं होतं. ती हसली होती सगळ्यांबरोबर.

विषय होता ‘लघुउद्योगांची व्यवसायप्रारूपे आणि आंतरसंस्थात्मक सहकार्य’. सासूबाईंनी विचारलं होतं, “म्हणजे गं काय?” ती म्हणाली, “कोण कुणाबरोबर कशामुळे टिकून राहतं, ते शोधायचं.” सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “त्यासाठी कॉलेज कशाला लागतं?”

प्रबंधाचं पाचवं प्रकरण म्हणजे हे तीन गाळे. कल्लप्पा कापड कापायचा. ईरम्माच्या बायका शिवायच्या. धम्मप्रियाकडे काज-बटण, इस्त्री आणि पॅकिंग. मालक तीन, गाळे तीन, आणि शाळेकडे जाणाऱ्या खोक्यावर नाव मात्र एकच. एका मोठ्या शाळेची ऑर्डर एकट्याच्या आवाक्यात येईना म्हणून सहा वर्षांपूर्वी तिघं एकत्र आली, ती कागद न करता. “कागद कशाला? आपण काय पळून चाललोय व्हय?” हे ईरम्माचं पहिल्या वर्षीचं वाक्य. वैजयंतीच्या मार्गदर्शकांना, त्रिंबक सरांना, ते इतकं आवडलं की त्यांनी ते इंग्रजीत करून प्रकरणाच्या डोक्यावर घालायला लावलं. सरांना बाणही आवडत. तीन वर्तुळं आणि त्यांच्यामधले बाण. “बाण वाढवा,” ते म्हणत. “बाण जितके जास्त, तितकं प्रारूप मजबूत.”

आणि बाण वाढलेही. मुलाखती मराठीत होत, वैजयंती घरी त्या इंग्रजीत उतरवायची आणि त्यात ‘वुई’ किती वेळा येतो ते पाहायची. दरवर्षी ‘वुई’ वाढत होता. ‘सामूहिक ओळख दृढ होत गेली’ असा निष्कर्ष निघाला. सरांनी त्याखाली दोन रेघा मारल्या.

घोळ झाला तो एका नियतकालिकामुळे. त्यांनी तिचा इंग्रजी लेख छापायला घेतला होता. फक्त काही वाक्यं मूळ भाषेत जोडा, असं त्यांनी कळवलं. म्हणून एका दुपारी शेंगदाणे भाजता भाजता तिने जुनी रेकॉर्डिंग लावली. पहिल्या वर्षीचा कल्लप्पा म्हणत होता, “आपण जूनच्या आत माल काढू की.” दुसऱ्या वर्षीची धम्मप्रिया म्हणत होती, “आपल्याला बटणं बदलायला लागतील.” मग तिसरं वर्ष आलं. “आमी कापून देतो, म्होरलं त्यास्नी ठावं.” “आमी शिवतो. काजाचं तिला विचारा.” “आम्ही वेळेत देतो, मॅडम. आमच्याकडून उशीर नाही.”

शेंगदाणे करपले.

‘आपण’ म्हटलं की समोरचा माणूस आत येऊन बसतो. ‘आम्ही’ म्हटलं की तो दाराबाहेर उभा राहतो. इंग्रजीत दोघांना एकच ‘वुई’. माणसं एकेक करून दाराबाहेर गेली होती आणि ती आत बसून डोकी मोजत होती, वाढली वाढली म्हणून. शेवटच्या वर्षात तर ईरम्मा अवघड प्रश्न आला की कानडीतच शिरायची. कानडीत ‘नावु’ म्हटलं की झालं. आत कोण आणि बाहेर कोण हे सांगायची पाळीच येत नाही. वैजयंतीला वाटायचं, अक्का मोकळी झाली की मायबोलीत बोलते.

तिने सरांना फोन केला. सरांनी शांतपणे ऐकलं. “बोलीभाषेच्या बारकाव्यात आता शिरू नका,” ते म्हणाले. “आपला विषय व्यवस्थापन आहे.”

आपला, म्हणाले सर. प्रबंध तिचा होता.

तर आजचा मंगळवार शेवटचा. तिघांना एकत्र बसवायचं, आकृती दाखवायची, बरोबर आहे असं त्यांच्या तोंडून घ्यायचं, की पाचवं प्रकरण बंद. रिक्षात तिने ठरवून टाकलं होतं: आकृती दाखवायची, बाकी काही काढायचं नाही. सगळ्याच घरात थोडं ‘आम्ही’ असतं. तिच्या घरात काय कमी होतं?

कल्लप्पा कापलेल्या कापडाचा गठ्ठा स्कूटरवर पायांपाशी ठेवून आला, घाम पुसत. “उशीर झाला व्हय?” धम्मप्रियाने शेजारच्या आपल्या गाळ्यातलं इस्त्रीचं टेबल रिकामं केलं. चार खुर्च्या मांडल्या. चहा आला. वैजयंतीने आकृतीचा मोठा कागद टेबलावर पसरला आणि कडेला बटणांचे डबे ठेवले, पंख्याने उडू नये म्हणून.

“हे कल्लप्पाअण्णा, ह्या अक्का, ही धम्मप्रिया. आणि हे बाण म्हणजे तुमच्यातली देवाणघेवाण.”

“झाक झालंय,” कल्लप्पा लगेच म्हणाला.

“लई भारी,” ईरम्मा म्हणाली. “फ्रेम करून लावाय पायजे.”

“माझं वर्तुळ जरा बारीक आहे, पण चालेल,” धम्मप्रिया म्हणाली.

“मग बरोबर आहे ना सगळं?”

“शंभर टक्के!” हे तिघांनी एकदम म्हटलं. चार वर्षांत ती तिघं एकदम काही बोलल्याचं वैजयंतीला आठवेना.

इथे थांबायचं होतं. तिने कागदाची एक कड गुंडाळायलाही घेतली. कल्लप्पाने चटकन दुसरी कड धरली. त्याला मदतीची घाई झाली होती. धम्मप्रिया भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. वैजयंतीला एकाएकी या तिघांची दया आली, आणि मग आपली.

“एक राहिलं,” ती म्हणाली. “पुढच्या जूनचं कापड कोण मागवणार?”

पलीकडे ईरम्माच्या बायकांची शिलाई चालू होती, ती मधेच बंद पडली, कान द्यायला.

“मागवतील की,” कल्लप्पा म्हणाला.

“कोण, अण्णा?”

“म्हंजे… ज्याला लागंल, तो.” मग त्याच्या लक्षात आलं आणि तो चहा प्यायला लागला. कप रिकामा होता.

ईरम्मा कानडीत काहीतरी बोलली. लांबलचक, गोड, मधे दोनदा ‘नावु’.

“अक्का, मराठीत सांगा की,” धम्मप्रिया म्हणाली. “किती दिवस चालवायचं हे?”

“तू गप. तुला काय कळतंय? बाईची नोकरी हाय त्याच्यावर.”

“मला कळत नाही? मीच इस्त्री बंद करून बसते ना दर मंगळवारी?”

“ए पोरींनो,” कल्लप्पा म्हणाला. ईरम्मा साठीची होती.

वैजयंतीने कागद सोडून दिला. तो आपोआप गुंडाळला आणि एक डबा कलंडून पांढरी बटणं टेबलभर झाली. कुणी ती वेचली नाहीत.

“अक्का,” ती म्हणाली, “माझ्या नोकरीचं मी बघेन. मला खरं लिहायचंय.” हे तोंडातून गेल्यावर तिला कळलं की हे खरंच आहे, आणि जागा गेली हेही कळलं. आश्चर्य म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच घासात गिळता आल्या. “सांगा. मी लिहून घेत नाही.”

ईरम्माने पदराने तोंड पुसलं. तिने कल्लप्पाकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. धम्मप्रियाकडे पाहिलं, तिने मान डोलावली. मग ती वैजयंतीकडे वळली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिला म्याडम न म्हणता बोलली.

“बाळ, गेल्या दिवाळीलाच आमी येगळं झालो. ज्याचा धंदा त्याच्यापाशी. भांडण न्हाय, काय न्हाय. पण तुझी परीक्षा बुडंल म्हणून दर मंगळवारी ह्यो कल्लप्पा गठ्ठा घेऊन येतो, आन् तू गेलीस की माघारी घेऊन जातो.”