पाटीवरची रिकामी जागा

सेहेचाळीस साली शहापुरात वीज आलेली नव्हती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मात्र ती रोज तयार होत असे. पुढच्या दालनात मी पुस्तके सांभाळायचो आणि मागच्या खोलीत सावळाराम बॅटऱ्या भरायचा. मधे एक भिंत होती. इंजिन सुरू झाले की माझ्या टेबलावरची दौत थरथरायची.

सावळाराम लढाईतून परत आला तो डाव्या कानाने बहिरा होऊन. पलटणीत तो बिनतारी यंत्रे दुरुस्त करत असे. येताना त्याने एक लोखंडी ट्रंक आणली. तिच्यात पान्हे, पकडी, डाख द्यायची कांडी आणि काटा हलणारा एक मीटर होता. वाचनालयाच्या कमिटीचे अध्यक्ष रघुनाथराव यांनी त्याला मागची खोली दिली आणि सैन्याने मोडीत काढलेले एक लहान इंजिन आणवून मागच्या अंगणात भिंतीलगत बसवले. अट एकच होती, खोली सगळ्यांची. ज्याला हत्यार हवे त्याने भिंतीवरून घ्यावे, खोलीतच काम करावे आणि परत त्याच खिळ्याला लावावे. सावळारामाने प्रत्येक खिळ्याखाली हत्याराची आकृती कोळशाने काढून ठेवली होती. एखादी पक्कड कुणाच्या पिशवीतून घरी गेली की भिंतीवर तिचे नुसते काळे चित्र उरायचे, आणि नेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्या चित्रासमोर उभे राहणे जड जायचे.

आसपासच्या गावांत तेव्हा गावकीचा एकेक रेडिओ असे. त्याची बॅटरी आठदहा दिवसांत उतरे. मग ती भरायला आमच्याकडे येई, किन्हवलीहून, धसईहून, मुरबाडहूनसुद्धा. भिंतीलगतच्या फळीवर गावागावाची जागा ठरलेली होती.

किन्हवलीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथली बॅटरी बाईजा नावाची बाई डोक्यावरून आणायची. मोटारवाला बॅटरी घेत नसे, कारण आतले ॲसिड हिंदकळून एका उतारूचे धोतर जळले होते. बाईजा पहाटे निघायची, चुंबळीवर बॅटरी सरळ धरून चालायची, आणि दहाच्या सुमाराला पोचायची. थेंब सांडलेला मी कधी पाहिला नाही. उतरलेली बॅटरी ठेवून जायची, दोन दिवसांनी भरलेली न्यायला परत यायची.

मी एकदा धीर करून तिला विचारले, "बाई, एवढ्या लांब तुम्हीच का येता? वाडीत गडीमाणसं नाहीत?"

"हायेत की. पन ती हिंदकळवतात." मग थोडे थांबून म्हणाली, "आनि रेडवा आमच्या पडवीत हाय ना."

तिचा नवरा देवजी दोन वर्षांपूर्वी मोहाच्या झाडावरून पडला होता. पाय गेला. शेत गेले नाही, पण तो शेतावर जाऊ शकत नव्हता. त्याने बोलणे सोडले. घरात भांडे पडले तरी मान वर करत नसे. मग गावकीने रेडिओ त्याच्या पडवीत ठेवला, कारण दिवसभर घरी असणारा तोच एक होता. खुंट्या फिरवायला तो शिकला. संध्याकाळी वाडी जमायची आणि उशिरा आलेल्यांना आधी काय काय झाले ते देवजी सांगायचा.

"आता मलापन सांगतो," बाईजा म्हणाली. "भात वाढताना सांगतो, निजताना सांगतो. म्हनलं गप रे आता, तर हसतो."

"आणि बॅटरी उतरली की?"

"मंग परत भिंतीकडं तोंड."

मी स्वतः फार न बोलणारा माणूस. चार माणसे समोर असली की मी मान खाली घालून नोंदवहीत लिहीत राहतो. पुस्तकांच्या नोकरीत ते खपून जाते. म्हणूनच की काय, देवजीचे मला नीट कळले.

आता पाटीचे सांगतो, कारण सगळे त्यावरच आले.

सावळारामाकडे पलटणीतले इंग्रजी पत्रक होते, बॅटऱ्यांच्या खोलीत काय करावे, काय करू नये याचे. तो म्हणाला, "वाल्मिकभाऊ, तुमचं अक्षर चांगलं. हे मराठीत करून पाटी रंगवा. साधं लिहा हां."

मला साधे लिहिता येत नव्हते. मला वाटायचे, पाटी म्हणजे छापल्यासारखी भाषा हवी. मी लिहिले, "विद्युद्घटांच्या सान्निध्यात धूम्रपान सर्वथा वर्ज्य." पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडात पाणी कधीही ओतू नये, हेही मी अशाच थाटात लिहिले. सावळारामाने वाचले, डोके खाजवले आणि सगळ्यांना तोंडी सांगितले, "इथं बिडी ओढायची नाय. पाटी आहे." लोक तिला बिडीची पाटी म्हणू लागले.

पत्रकात धूम्रपानाच्या पुढेच आणखी एक गोष्ट होती, उघडी ज्योत आणू नये. तिच्यासाठी मला मनासारखा शब्द सापडेना. "उघडा दिवा" मला गावंढळ वाटला. मी जागा मोकळी सोडली, नंतर भरू म्हणून. खोलीत काम दिवसाउजेडीच चालते, दिवा कोण आणणार, अशी मनाची समजूत घातली. पुढे मोकळी जागा वाईट दिसू लागली, म्हणून मी तिथे एक कमळ काढले.

बाईजाने एका दुपारी त्या पाटीकडे बोट केले. "मास्तर, यो काय लिवलंय?" मी मास्तर नव्हतो, पण ती मला मास्तर म्हणायची.

खोलीत आम्ही दोघेच होतो. सावळाराम बाहेर इंजिनापाशी. तिच्यासमोर मला संकोच वाटत नसे. मी एकेक नियम तिला माझ्या त्या पाटीच्या भाषेत नव्हे, तर आमच्या घरी आई बोलायची तसा सांगितला. ती बोटांवर धरत गेली. अंगठा, पाण्यात ॲसिड. पहिले बोट, हाताला उडाले तर आधी भरपूर पाणी, मग सोडा. दुसरे बोट, बॅटरीच्या दोन टोकांवर पान्हा आडवा ठेवायचा नाही, हातातले कडे काढून ठेवायचे.

"आनि बिडी का नको?"

"बॅटरी भरताना आतून बुडबुडे येतात. त्यातली हवा पेट घेते. खिडक्या बंद असल्या तर जास्तच. भडका उडतो आणि ॲसिड तोंडावर येतं."

तिने चालू असलेल्या बॅटरीजवळ कान नेला. "शिजतंय जसं काय. भात रटरटतो तसं." मग म्हणाली, "म्हंजे बिडीचंच काय, विस्तवच नको म्हना."

"हो. कसलाच विस्तव नको."

"मंग पाटीवर तसं हाय ना?"

मी कमळाकडे पाहिले आणि म्हणालो, "आहे."

त्यानंतर खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. आदल्या दिवशीच रघुनाथरावांच्या पत्नी धोंडूबाई येऊन खोली शेणाने सारवून गेल्या. सकाळी त्यांनी भिंतीवरची हत्यारे उतरवून, पुसून, पाटावर मांडली. फळीवरच्या सातही बॅटऱ्यांना हळदकुंकू लावले, झेंडूच्या माळा घातल्या. मागची भिंत काळी दिसते म्हणून आपला जांभळा शालू दोन्ही खिडक्यांवरून ताणून बांधला. फार सुंदर दिसत होते. खरेच सांगतो, मला भरून आले होते.

बॅटऱ्या पहाटेपासून चालू होत्या, कारण सणासाठी सगळ्याच गावांना त्या हव्या होत्या. सावळारामाने नऊ वाजता इंजिन बंद केले. "आज यंत्रांना सुट्टी," म्हणाला, आणि आंघोळीला घरी गेला. बॅटऱ्यांची झाकणे उघडीच होती; इंजिन थांबले तरी आतली हवा तासभर निघत राहते, ती मग लावायची असतात. तो जाताना पूजेची मांडणी झाली नव्हती आणि शालूही बांधला नव्हता.

कमिटीची माणसे आली, बायका आल्या, वीसपंचवीस जण दाटीने उभे राहिले. बाईजा दाराशी होती, बॅटरी न्यायला आलेली. धोंडूबाईंनी बॅटऱ्यांसमोर फळीवरच समई ठेवली, वातीला तेल लावले आणि काडी ओढली.

मी रघुनाथरावांच्या मागे उभा होतो. मला सगळे दिसत होते. उघडी झाकणे, शालूने झाकलेल्या खिडक्या, समई. माझ्या डोक्यात पत्रकातले इंग्रजी वाक्य अक्षरन् अक्षर उभे राहिले. तोंड उघडले गेले नाही. मला वाटले, इंजिन तर बंद आहे. मला वाटले, मी चुकत असेन. मंगल वेळी, एवढ्या माणसांत, थांबा कसे म्हणायचे? वात पेटली.

दाराशी हालचाल झाली. बाईजा माणसांना कोपराने सारत पुढे आली. तिने पहिल्या बॅटरीला कान लावल्यासारखे केले, बोटे तोंडात घालून ओली केली आणि जळती वात चिमटीत धरून विझवली.

धोंडूबाई म्हणाल्या, "अगं ए, काय केलंस हे? नवमीचा दिवा!"

"शिजतंय अजून आत," बाईजा म्हणाली. "विस्तव नको. पाटी हाय."

"पाटी बिडीची आहे! देवाचा दिवा आणि बिडी एक का गं?"

मागून कुणी म्हणाले, "डोंगरातली माणसं, यांना सणवार काय कळणार?" दुसरे कुणी म्हणाले, "यांची बॅटरी काढून द्या म्हणावं फळीवरून."

बाईजाने माझ्याकडे पाहिले. नुसते पाहिले. मी खाली पाहिले. हे लिहितानाही मला तिचे पाय दिसतात, टाचांना भेगा पडलेले.

रघुनाथराव वाईट माणूस नव्हते, पण सगळे त्यांच्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "बाई, तुमची बॅटरी घेऊन जा. पुढचं कमिटी ठरवील."

तिने माळ काढून हलकेच बाजूला ठेवली. झाकणे एकेक करून घट्ट लावली, तीन झाकणे, कशी लावायची ते मीच दाखवले होते. चुंबळ डोक्यावर ठेवली आणि बॅटरी उचलून निघाली. धोंडूबाई परत काडी शोधू लागल्या.

तेव्हा मी ओरडलो. पहिला शब्द काय निघाला ते मला आठवत नाही, पण आवाज इतका फाटका निघाला की बाहेर बाईजासुद्धा थांबली.

"पेटवू नका! ती बरोबर आहे. चूक माझी आहे."

"तुमची? वाल्मिकभाऊ, तुम्ही काय केलंत?" रघुनाथराव म्हणाले.

"पाटी मी लिहिली. दिवा नको, हे त्यात होतं, मी गाळलं. त्या जागी कमळ काढलं." मला हुंदका येऊ लागला, लाजेचा. तरी मी बोलत राहिलो. एकदा तोंड उघडल्यावर बंद करायचे कसे ते मला सुचत नव्हते. "मला शब्द सापडला नाही. तिला मी तोंडी सांगितलं, तुम्हाला कुणालाच सांगितलं नाही. आत्ताही मी पाहत होतो, गप्प होतो. खिडक्या उघडा आधी. तिच्या घरी… तिचा माणूस बोलायला लागलाय हो. बॅटरी बंद करू नका तिची."

शेवटचे वाक्य तिथे बसत नव्हते. कुणालाच काही कळले नसेल.

एवढ्यात सावळाराम दारात आला, ओले केस, कपाळाला गंध. त्याने समई पाहिली, शालू पाहिला, उघडी झाकणे पाहिली. सरळ आत येऊन त्याने शालूच्या गाठी सोडल्या. दुसरी गाठ रघुनाथरावांनी सोडली. खिडक्या उघडल्यावर तो म्हणाला, "सगळे जरा अंगणात चला. आमच्या पलटणीत एकाचे डोळे गेले असेच."

आम्ही सगळे अंगणात आलो. धोंडूबाईंच्या हातात काड्यांची पेटी तशीच होती. त्या माझ्याकडे वळल्या.

"मेल्या, मग 'दिवा' असं लिहायचं होतंस ना! दिव्याला कसला शब्द हवा होता तुला?"

 

मग त्या बाईजाकडे गेल्या. ती डोक्यावर बॅटरी घेऊन वाटेवर तशीच उभी होती. धोंडूबाईंनी तिचा हात धरला, बोटे उलटी करून पाहिली. चिमटीची दोन्ही बोटे लाल झाली होती. "भाजलं का गं?"

"चुलीचे हात हायेत. काय नाय व्हत."

"उतरव ते ओझं. पूजा व्हायची आहे अजून." त्या माझ्याकडे न बघता तिलाच म्हणाल्या, "आता दिवा कुठं ठेवायचा, ते तूच सांग."

बाईजाने आधी सावळारामाकडे पाहिले. त्याने मान डोलावली. तिने बॅटरी पायरीवर ठेवली आणि अंगणाच्या टोकाला, जांभळीच्या बुंध्याशी, इंजिनापासूनही लांब बोट दाखवले. समई तिथे गेली. हत्यारे पाटासकट अंगणात आणली. बॅटऱ्यांना आतच हळदकुंकू राहिले, दिवा न दाखवता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाईजा आली तेव्हा मी पाटी पुसून ठेवली होती, कुंचला तयार होता. मी म्हणालो, "तुम्ही सांगा, मी लिहितो."

"मी काय सांगू? मला लिवता येत नाय."

"म्हणूनच."

ती बोटे मोजत सांगत गेली. मी एकही शब्द बदलला नाही. हात शिवशिवले, पण बदलला नाही. "भरताना बॅटरी शिजते. जवळ विस्तव नाय. बिडी नाय, दिवा नाय, उदबत्ती नाय, देवाचीपन नाय." सावळाराम वाचून हसला आणि म्हणाला, "आता कळलं बघा."

शेवटी पाटीवर बोटभर जागा उरली. मी कुंचला धुऊ लागलो.

"तिथं ते फूल काढा की परत," बाईजा म्हणाली. "मी देवजीला सांगितलंय, पाटीवर कमळ हाय म्हनून. त्यानं वाडीला सांगून झालंय."